रस्त्यावरच्या कड्याला आधी काय करायचं: जाळी, बोल्ट की शॉटक्रीट?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझ्या समजुतीत काही चुकत असेल तर लगेच लक्षात येईल. साधारण पंचवीस मीटर उंचीचा, जवळजवळ उभा कडा. पायथ्याशी दोन पदरी रस्ता, रस्त्यापलीकडे दगडी भिंत, भिंतीखाली समुद्र. दर पावसाळ्यात वरून दगड येतात. बहुतेक मुठीपासून मडक्याएवढे, पण गेल्या मोसमात एक रांजणाएवढा धोंडा थेट मधल्या पट्ट्यावर येऊन पडला. पहाटेची वेळ होती म्हणून निभावलं. एक ठेकेदार म्हणतो, सगळ्या कड्यावर शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारलेलं काँक्रीट, मारून टाकू. दुसरा म्हणतो, लोखंडी जाळी टाकू. यातला कायमचा इलाज कोणता, आणि समुद्र कडा खात असेल तर आधी भिंत वाढवावी का, असं तुम्ही विचारलं आहे.

तुमच्या प्रश्नातला ‘कायमचा’ हा शब्द आधी काढून ठेवू. समुद्राकाठचा कडा मागे सरकणारच, ते त्याचं काम आहे. तुम्हाला कडा जपायचा नाही. दगड आणि गाडी एका वेळी एका जागी येऊ नयेत, एवढंच साधायचं आहे. असं पाहिलं की सगळे उपाय तीन खणांत बसतात. दगड मुळात सुटूच द्यायचा नाही, हा पहिला. सुटला तरी रस्त्यापर्यंत पोहोचू द्यायचा नाही, हा दुसरा. आणि रस्ताच त्याच्या वाटेतून बाजूला न्यायचा, हा तिसरा. तुमच्या दोन्ही ठेकेदारांनी यातला कुठला खण उघडला आहे हे त्यांना स्वतःला तरी माहीत आहे का, याची मला शंका आहे. कारण ‘जाळी’ या एकाच शब्दात निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी येतात.

तुम्ही पाठवलेल्या फोटोंवरून मी काय सांगू शकत नाही तेही सांगून टाकते. कातळातल्या भेगा रस्त्याकडे कललेल्या आहेत की डोंगराकडे, सुटू शकणारा सगळ्यात मोठा दगड केवढा आहे, आणि कड्याचा पायथा ते डांबराची कड यात मोकळी जागा किती आहे, या तीन गोष्टींवर जवळजवळ सगळं ठरतं. तिन्ही जागेवर जाऊनच कळतात. तरी विचार कोणत्या क्रमाने करायचा ते नक्की सांगता येईल.

आधी समुद्राचं. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, खाली कपार होते, वरचा भाग अधांतरी राहतो आणि एक दिवस खाली येतो. पाठ्यपुस्तकातला किनारी कडा असा वागतो. पण तुमच्या कड्याच्या आणि लाटेच्या मध्ये रस्ता आहे. रस्ता बांधला त्या दिवसापासून लाट त्या वरच्या कड्याला शिवलेली नाही. वरून येणारे दगड लाटेमुळे येत नाहीत, मग भिंत दुप्पट जाड केली तरी ते यायचे थांबणार नाहीत. भिंत हा वेगळा प्रश्न आहे आणि महत्त्वाचाही आहे: भिंतीच्या पायाखाली लाटेने पोकळी केली असेल तर एक दिवस रस्त्यासकट सगळं खाली जाईल आणि वर कातळात रोवलेल्या बोल्टांचा काही उपयोग होणार नाही. म्हणून ओहोटीच्या वेळी खाली उतरून पाया बघून घ्या, भरावातली माती कुठून वाहून जाते का ते पाहा. पण त्याची फाईल वेगळी ठेवा. दोन दुखणी एका अंदाजपत्रकात घातली की पैसे नेहमी दिसणाऱ्या भिंतीवर खर्च होतात आणि कड्याला रंगीत फलक मिळतो: ‘सावधान, दरडप्रवण क्षेत्र’.

वरच्या कड्याला समुद्र त्रास देतो तो खाऱ्या वाऱ्यातून. तुषार कातळाच्या छिद्रांत शिरतात, पाणी उडून जातं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचा पृष्ठभाग आतून फुटत जातो. वाळूखडकासारख्या सच्छिद्र दगडात मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जी भोकं दिसतात, ती बरीचशी याचीच करामत. हे काम हळू चालतं आणि त्यातून सुटणारे तुकडे सहसा लहान असतात. रांजणाएवढा धोंडा ढकलतं ते पाणी, आणि तेही खारं नव्हे. माथ्यावर पडलेलं, मागून मुरलेलं पावसाचं गोडं पाणी.

हे किती मोठं बळ आहे याचा अंदाज बहुतेकांना नसतो. कड्याच्या माथ्यामागे पाच मीटर खोल उभी भेग आहे असं धरा. हाताची बोटं जेमतेम जातील इतकी अरुंद. ती पाण्याने भरली की भेगेच्या दर मीटर लांबीला साधारण १२ टनांचा रेटा पुढच्या कातळावर येतो. भेग रुंद की अरुंद याने काही फरक पडत नाही, फरक पडतो तो पाण्याच्या उंचीने. आणि हा रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो, म्हणजेच पाण्याची पातळी निम्म्यावर आणली तर रेटा चौथाईवर येतो. अडीच मीटर पाणी काढलं की बारातले नऊ टन गेले. इतक्या स्वस्तात इतकं बळ काढून घेणारा दुसरा उपाय मला अजून भेटलेला नाही.

एका रस्त्यावर आम्ही चार दिवस कड्याच्या तोंडावर दोराने लोंबकळत मोजमापं घेत होतो. भेगा, कोन, सगळं नोंदवून झालं, तरी एकाच पट्ट्यातून दगड का येतात याचा पत्ता लागेना. पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी माथ्यावर बसले होते. उन्हाळा संपत आलेला, गवत सगळं पिवळं पडलेलं, आणि त्या पिवळ्यात कडेपासून तीनेक मीटर आत हिरव्या गवताची एक बारीक रेघ. पट्टीने आखल्यासारखी, कड्याला समांतर. रेघेत पहार घातली तर ती मुठीपर्यंत खाली गेली. माथ्यावरच्या एका जुन्या गटाराला तडा गेला होता आणि त्यातलं पाणी वर्षानुवर्षं त्या भेगेत जिरत होतं. गटार दुरुस्त केलं, भेगेचं तोंड चिकणमाती ठासून बंद केलं, खालून निचऱ्याची सहा भोकं पाडली. पुढे तिथे बोल्टही लागले, पण आधी ठरवले होते त्याच्या निम्म्याहून कमी.

तेव्हा तुमच्याकडे कुठलाही खर्च मंजूर होण्याआधी दोन गोष्टी करा. पहिली, माथ्यावर चालत जा. कडेपासून कड्याच्या उंचीएवढं मागेपर्यंत सगळं पायाखाली घाला. पाणी कुठून येतं, कुठे साचतं, कुणाची टाकी गळते, कुणाच्या सांडपाण्याचा पाइप कड्यावर सोडला आहे, बघा. दुसरी, रस्त्यावरचे दगड रोज जो माणूस उचलतो त्याच्या हाती एक वही द्या. तारीख, किलोमीटरचा दगड, मोठ्यात मोठ्या धोंड्याची लांबी-रुंदी, आदल्या दोन दिवसांतला पाऊस. एका मोसमाची अशी वही माझ्या दृष्टीने महागड्या लेसर सर्वेक्षणाइतकी मोलाची आहे. सर्वेक्षण आज कडा कसा आहे ते सांगतं, कड्याच्या सवयी वहीतून कळतात. पाऊस चालू असताना दगड येत असतील तर पाणी वरवरचं, पृष्ठभागावरून वाहणारं. पाऊस थांबल्यावर दिवसा-दीड दिवसाने येत असतील तर ते आत मुरून, खोल भेगांतून येतंय. निचऱ्याची भोकं किती खोल न्यायची हे यावरून ठरवायला घेता येतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे. सुरुवात नेहमी सुटे दगड काढण्यापासून, ज्याला आम्ही स्केलिंग म्हणतो. रस्ता बंद करायचा, दोरावरची माणसं माथ्यावरून उतरवायची आणि वरून खाली येत जे हलतं ते पहारीने पाडायचं. क्रम उलटा केला तर खालच्या माणसाच्या डोक्यावर वरचा दगड येतो. हे लिहायचीसुद्धा गरज पडू नये, पण मी असं काम चालू असलेलं पाहिलं आहे. कातळ ठोकून ऐकायचा असतो. घट्ट दगडावर हातोडा मारला तर ठणठणीत आवाज येतो आणि हातोडा उसळतो. मागे पोकळ असलेला दगड भद्द वाजतो आणि हातोडा त्यावर बसून राहतो. चांगला स्केलर तासाभरात कड्याचा नकाशा कानाने बनवतो. अवघड असतं ते कुठे थांबायचं हे ओळखणं. काही दगड स्वतः ढिले असूनही वरच्या चार दगडांना टेकू देत असतात. तो काढला की पाव दिवसाचं काम आठवड्याचं होतं. असा दगड दिसला की त्याला खूण करून बोल्टवाल्यांसाठी सोडून द्यायचा. भेगेत वाढलेलं झाड मुळासकट उपटू नका, बुंध्याशी कापा आणि खुंट मारून टाका. मूळ ओढलं की भेग उघडते.

मोठ्या प्रमाणावर हे कसं करतात याचं उदाहरण न्यूझीलंडमधलं. नोव्हेंबर २०१६ मध्ये कैकोराला ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला आणि किनाऱ्यालगतचा राज्य महामार्ग क्रमांक १ जागोजागी दरडींखाली गेला. तिथे हेलिकॉप्टरला लटकवलेल्या बादल्यांतून उतारांवर पाणी ओतून सैल माल खाली आणला गेला आणि जोडीला दोरावरच्या माणसांनी पहारीने दगड काढले. रस्ता पुन्हा सुरू व्हायला डिसेंबर २०१७ उजाडला. हेलिकॉप्टर आलं तरी पहारीला सुट्टी मिळाली नाही, हे मला फार आवडतं. स्केलिंगचा असर मात्र टिकाऊ नसतो. ताजा उघडा पडलेला कातळ पुन्हा झिजायला लागतो आणि काही वर्षांनी परत यावंच लागतं.

मग पाणी. माथ्यामागे पक्क्या तळाचं गटार, त्याला दोन्ही टोकांना कड्यापासून लांब नेऊन सोडणारा उतार. कच्चं गटार करणार असाल तर करूच नका, कारण ते पाणी गोळा करून भेगेत सोडायचं यंत्र होतं. कड्याच्या तोंडातून निचऱ्याची भोकं किंचित वर चढती पाडायची, पाच ते दहा अंश, म्हणजे पाणी आपोआप बाहेर येतं. पहिल्या पावसात त्यातली निम्मी कोरडी राहतात आणि लेखापरीक्षणवाले विचारतात की ही भोकं वाया गेली का. वाया गेलेली नाहीत. कोणती भेग पाणी धरते हे आधी सांगता येत नाही म्हणून ती जास्त पाडायची असतात.

बोल्टांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त फसवणूक इथे होते आणि ती बाहेरून दिसत नाही. बोल्ट म्हणजे ढिल्या दगडातून आरपार मागच्या घट्ट कातळात जाणारी सळई. भोक किंचित खाली उतरतं पाडतात, नळी तळापर्यंत घालतात आणि ग्राउट, म्हणजे सिमेंटचा पातळ मसाला, तळापासून वर भरत आणतात, तोंडातून स्वच्छ ग्राउट बाहेर येईपर्यंत. सळई भोकाच्या मधोमध राहावी म्हणून तिला मध्ये मध्ये टेकण्या लावतात. शेवटी प्लेट आणि नट. आता गोम अशी की प्लेट आणि नट दिसतात, बाकी काही दिसत नाही. किनाऱ्यावरचा कातळ फुटका असतो. एका भोकाला हिशेबाने एक पोतं ग्राउट पुरायला हवं, तिथे ते आत कुठल्यातरी भेगेत निघून जातं आणि सहा पोती ओतूनही भोक भरत नाही. अशा वेळी सळईभोवती कापडी मोजा चढवतात, त्यात ग्राउट भरतात, मोजा फुगून भोकाला बसतो. हे ज्याला माहीत नाही किंवा ज्याला घाई आहे तो काय करतो? तोंडाशी वीतभर मसाला लिंपतो आणि प्लेट आवळून पुढे जातो. एका कामावर तपासणीला गेले असताना मी पान्याने नट फिरवला तर नटाबरोबर अख्खी सळई फिरली. हाताने ओढून बाहेर काढली. दीड मीटर सळई कोरडी ठणठणीत, टोकाला बाटलीच्या बुचासारखा सिमेंटचा गोळा. त्या ओळीतले अकरा बोल्ट तसेच निघाले. म्हणून करारात ओढ-चाचणी, म्हणजे बोल्ट ओढून तो धरतो का ते पाहणं, लिहून घ्या, आणि कोणते बोल्ट ओढायचे ते ठेकेदाराने नव्हे, तुमच्या माणसाने ऐन वेळी बोट दाखवून ठरवायचं.

जाळीचे प्रकार आता सांगते. वरून नुसती टांगलेली, खालून मोकळी सोडलेली जाळी दगडाला अडवत नाही. दगड जाळी आणि कडा यांच्या मधून घरंगळत, वेग हरवत पायथ्याशी येऊन पडतो. हा दुसऱ्या खणातला उपाय आहे. त्यासाठी पायथ्याशी दगड पडायला आणि गोळा करायला जागा हवी. दुसरी जाळी बोल्टांनी कातळाला घट्ट आवळलेली. ती दगड सुटू देत नाही, पण तिची ताकद बोल्टांमधल्या अंतरावर असते, आणि साध्या षटकोनी विणीच्या जाळीकडून मोठ्या धोंड्याची अपेक्षा ठेवू नये. तिच्यात लहान दगड साठून पोट येतं. ते पोट दर वर्षी कापून रिकामं करावं लागतं, नाहीतर जाळीच्या माथ्यावरचे आधार त्या वजनाने निघतात. तिसरी म्हणजे पायथ्याशी किंवा उतारावर खांब रोवून उभी केलेली, झेल घेणारी लवचिक जाळी. मुठीएवढे ते मडक्याएवढे दगड हा तुमचा रोजचा त्रास असेल तर पहिली जाळी पुरेल. रांजणाएवढ्यांना वेगळा हिशेब लागतो.

तो हिशेब असा. एक घनमीटर कातळ म्हणजे साधारण २.७ टन. वीस मीटरवरून सरळ पडला तर खाली येताना त्याचा वेग ताशी ७१ किलोमीटरच्या आसपास असतो आणि ऊर्जा सुमारे ५३० किलोजूल. तोच दगड ३० सेंटीमीटर बाजूचा असेल तर वजन ७३ किलो आणि ऊर्जा फक्त १४ किलोजूल. बाजू तिप्पट-सव्वातिप्पट झाली तर ऊर्जा सदतीस पट. म्हणूनच ‘सगळ्यात मोठा दगड केवढा’ हे मी सारखं विचारते. सरासरी दगडावर आखणी केली तर जाळी सरासरी दगडच झेलते. लवचिक जाळ्या १०० किलोजूलपासून ८,००० आणि त्याहून जास्त किलोजूलपर्यंत प्रत्यक्ष धोंडे टाकून चाचणी केलेल्या मिळतात. पण दगड झेलताना त्या कित्येक मीटर बाहेर फुगतात. जाळीने दगड झेलला आणि फुगलेल्या पोटाने चालत्या बसची खिडकी फोडली, तर झेलून काय मिळवलं? खांब आणि डांबराची कड यांच्यात तेवढं अंतर मोकळं हवंच. तुमच्या फोटोत ते मला दिसत नाही.

जागा असेल तर मात्र मी सगळ्यात आधी पायथ्याशी चर सुचवेन. दिसायला अडाणी उपाय, पण यामागे पक्का अभ्यास आहे. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या महामार्ग खात्यात काम करणाऱ्या आर्थर रिची यांनी शेकडो दगड खरोखर उतारांवरून लोटले, ते कसे पडतात त्याचं चित्रीकरण केलं आणि १९६३ मध्ये त्यावरून चराची खोली आणि रुंदी किती ठेवायची याचा तक्ता दिला. त्यातली एक गोष्ट आजही लोक विसरतात. दगड जमिनीवर आदळल्यावर थांबत नाही, त्याला फिरकी असते आणि तो रस्त्याकडे घरंगळतो. चराची रस्त्याकडची बाजू उभी ठेवायची ती त्यासाठी. शिवाय उतारावर मध्येच पुढे आलेला छोटा कंगोरा उडी मारायच्या फळीसारखं काम करतो. तिथे आपटलेला दगड बाहेर फेकला जातो आणि चर ओलांडून जातो. स्केलिंग करतानाच असे कंगोरे फोडून टाकले तर अर्धा मीटर चर वाचतो. आणि चर भरला की तो चर राहत नाही, रॅम्प होतो. वर्षातून दोनदा तो उपसायचा खर्च पहिल्याच दिवशी धरा.

शॉटक्रीटबद्दल मी पूर्वग्रहदूषित आहे, आधीच कबूल करते. अख्ख्या कड्यावर करडा लेप मारला की फोटोत काम पूर्ण दिसतं, सगळ्यांना हायसं वाटतं आणि आतलं पाणी कोंडलं जातं. वर सांगितलेले ते बारा टन आता बाहेर पडायला जागा शोधतात. काही वर्षांनी लेपाला कोळिष्टकासारख्या चिरा जातात, मग मिठाच्या पांढऱ्या रेघा ओघळतात, मग चादरच्या चादर सुटते. पूर्वी मडक्याएवढे दगड येत होते, आता टेबलाएवढी फरशी येते. शॉटक्रीटची खरी जागा वेगळी आहे. कठीण कातळाच्या मध्ये मऊ थर असेल, तो वाऱ्यापावसाने आत खचत असेल आणि वरचा कठीण थर छज्ज्यासारखा पुढे राहत असेल, तर त्या मऊ पट्ट्यावर, फक्त त्यावर, बोल्टांना बांधलेलं आणि मागे निचरा ठेवलेलं शॉटक्रीट मी आनंदाने मारेन. तुमच्या तिसऱ्या फोटोत कड्याच्या खालच्या एक-तृतीयांश भागात तांबूस पट्टा दिसतोय. तो नखाने खरवडून बघा. भुगा निघाला तर शॉटक्रीट तिथे, बाकीच्या कड्यावर नाही.

समुद्राकाठी एक हिशेब वेगळा करावा लागतो, तो गंजाचा. लोखंडावर जस्ताचा जाड मुलामा असतो, जाड सळयांवर साधारण ८५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). हवेच्या गंजक्षमतेचे आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे वर्ग आहेत. त्यातल्या अतितीव्र वर्गात, म्हणजे खाऱ्या वाऱ्याच्या किनाऱ्यावर, जस्त वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन झिजतं. भागाकार करा, दहा ते वीस वर्षं. लाटेचे तुषार थेट येत असतील तर वर्ग त्याच्याही वरचा आणि वर्षं त्याहून पुष्कळ कमी. जाळीची तार बारीक, तिच्यावरचा मुलामाही कमी असू शकतो, त्यामुळे जस्त-ॲल्युमिनियमचा मुलामा किंवा स्टेनलेस मागा. स्टेनलेस म्हणजे ३१६ प्रतीचं. स्वयंपाकघरात चालणारं ३०४ इथे ठिपक्या-ठिपक्यांनी खातं. आणि स्टेनलेस जाळीला साध्या जस्तवाल्या प्लेटा लावू नका. दोन धातू खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना लागले की जस्त आधी संपतं. गंमत म्हणजे सगळ्यात आधी गंजते ती कपारीखालची, पावसापासून आडोशाला असलेली जाळी. उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, आडोशाचं तसंच राहतं. तपासणीला गेलात की आधी तिथे बघा. आणि ग्राउटमध्ये गोडंच पाणी वापरलं जातंय ना, यावर माणूस बसवा. समुद्र दहा पावलांवर असताना टँकर मागवायचा कंटाळा कुणालाही येतो.

तिसऱ्या खणाबद्दल थोडक्यात. काही कडे असे असतात की त्यांच्याशी भांडण्यात अर्थ नसतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधला किनारी रस्ता २००३ मध्ये दरडींमुळे बंद केला आणि कड्यापासून दूर, समुद्रावरून ६६५ मीटरचा पूल बांधून २००५ च्या डिसेंबरात वाहतूक तिकडून वळवली. दक्षिण आफ्रिकेतला चॅपमन्स पीकचा रस्ता जानेवारी २००० मध्ये एका जीवघेण्या दगडानंतर बंद झाला. तो २००३ अखेर उघडला तेव्हा तिथे झेलजाळ्या, छत असलेला अर्धबोगदा आणि टोलनाका होता, आणि धोक्याचं हवामान असलं की तो आजही बंद ठेवतात. ही बंद ठेवण्याची तयारी मला पुलाइतकीच महत्त्वाची वाटते. मुसळधार पावसानंतर ठरावीक तास रस्ता बंद, पर्यायी मार्गाचा फलक, साखळी लावायला एक जबाबदार माणूस. तुमच्या वहीतून एका मोसमात कळेल की किती पावसाला आणि किती तास.

तर तुमच्यापुरतं, क्रमाने: माथ्याची पाहणी आणि गळती बंद, वही सुरू, स्केलिंग, गटार आणि निचऱ्याची भोकं. इथवरचं काम कुठल्याही कड्याला चुकत नाही, ते आता सुरू करा. मग सर्वात मोठ्या दगडाचं माप आणि पायथ्याची मोकळी जागा हातात आली की बोल्ट नेमके कुठे, टांगती जाळी कुठवर आणि चर बसतो का, हे ठरेल. पायथ्याला तीन मीटरसुद्धा जागा नसेल तर झेलजाळी विसरा आणि पैसे बोल्टांकडे वळवा, किंवा समुद्राकडच्या भिंतीचा पाया पक्का निघाला तर रस्ताच मीटरभर तिकडे सरकतो का ते बघा. दोन्ही ठेकेदारांना सांगा की देखभालीचा खर्च वेगळ्या ओळीत लिहून द्या. जो ती ओळ रिकामी ठेवेल त्याच्याकडून काम घेऊ नका.

आणि माथ्यावर फिरताना कड्याला समांतर भेग सापडली, तर तिच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा पक्का बसवा, दोन्हींमधलं अंतर पोलादी टेपने मिलिमीटरमध्ये मोजा, जमल्यास उंचीतला फरकही, आणि दर आठवड्याला एकाच माणसाने, एकाच टेपने, सकाळच्या वेळी मोजा. दुपारच्या उन्हात कातळ आणि टेप दोन्ही वाढतात, ते आकडे गोंधळात टाकतात. दर आठवड्याची वाढ सारखीच असेल तर वेळ आहे, आकडे मला पाठवा. वाढ आठवड्यागणिक वाढत असेल तर मला विचारत बसू नका, त्याच दिवशी रस्ता बंद करा.